एका रात्रीत की टप्प्याटप्प्याने? चालतं सॉफ्टवेअर बदलण्याचा निर्णय कसा घ्यावा

कोल्हापुरात शिकून इथल्याच एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलेल्या मुलामुलींच्या हाती सुरुवातीला कोरं काम क्वचितच येतं. येतं ते कुणीतरी पंधरा-वीस वर्षांपूर्वी लिहिलेलं आणि आजही रोज चालणारं सॉफ्टवेअर. दूध संस्थेचं संकलन आणि बिल, उद्यमनगरातल्या फौंड्रीचा स्टॉक आणि चलन, पतसंस्थेची पिग्मी, गुजरीतल्या सराफाचं बिलिंग. बरंचसं फॉक्सप्रो नाहीतर व्हिज्युअल बेसिक ६ या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या साधनांत लिहिलेलं. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक ६ च्या डेव्हलपमेंट टूलचा सपोर्ट २००८ मध्ये थांबवला, व्हिज्युअल फॉक्सप्रोचा २०१५ मध्ये. प्रोग्राम मात्र चालूच राहिले, कारण रोजचा हिशेब त्यांच्यावर आहे. मग एक दिवस साहेब सांगतात, "हे आता वेबवर आणायचंय."

तिथून पुढे दोन वाटा फुटतात. सगळं नवीन लिहून एका रात्रीत जुनं बंद, नवं चालू. किंवा जुनं चालू ठेवून एकेक भाग बदलत जायचं. यातली कोणती धरायची हे कसं ठरवावं आणि ठरल्यावर काम कसं करावं, ते इथे पायरीपायरीने सांगतो. उदाहरण बहुतेक ठिकाणी एकच ठेवतो: करवीर तालुक्यातल्या एखाद्या गावची दूध संस्था. सकाळ-संध्याकाळ संकलन, फॅट आणि एसएनएफवरून (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) दर, दर दहा दिवसांनी बिल, बिलातून पशुखाद्याची आणि उचलीची वजावट, दिवाळीला फरक बिल (वर्षभराच्या दुधावर दरातल्या फरकाची जास्तीची रक्कम).

माझं मत आधीच सांगून टाकतो. कोड किती जुना आणि किती गचाळ आहे यावरून हा निर्णय कधीच घेऊ नये. दोन प्रश्न विचारावेत: जुनं आणि नवं काही काळ शेजारी नांदू शकतं का? आणि फसलं तर परत येता येतं का? बाकी सगळं यातून निघतं.

पायरी १: नक्की काय काय बदलतंय ते कागदावर काढा

"सॉफ्टवेअर बदलायचंय" या एका वाक्यात चार वेगळी कामं लपलेली असतात. प्रोग्राम बदलतो. डेटा ठेवण्याची पद्धत बदलते. दुसऱ्या यंत्रांशी आणि प्रोग्रामशी होणारी देवाणघेवाण बदलते. आणि माणसांची सवय बदलते. चौघांचा स्वभाव वेगळा. प्रोग्राम परत जुना करणं सोपं, डेटा परत जुना करणं अवघड, आणि पहाटे पाच-साडेपाचला रांग लागलेली असताना काउंटरवरच्या माणसाची बोटं नव्या की-बोर्ड शॉर्टकटवर आणणं सगळ्यात अवघड.

त्यामुळे आधी संस्थेत जाऊन एक सकाळ उभे राहा. वजनकाट्यावरून लिटर कसे येतात, फॅट मशीनचं रीडिंग सीरियल केबलने येतं की हाताने टाकतात, पावती कोणत्या प्रिंटरवर निघते, संस्था ज्याला दूध घालते त्या दूध संघाकडे आकडे कसे जातात, वजावटीचे आकडे कोण कुठून घालतं. प्रत्येक गोष्टीसमोर लिहा: ही माहिती कोण लिहितं, कोण वाचतं. हा कागद कंटाळवाणा वाटेल, पण पुढचा प्रत्येक निर्णय याच्यावरून होणार आहे. "कोण लिहितं" हा रकाना तर अजिबात मोकळा ठेवू नका.

पायरी २: दोन्ही सोबत नांदतील का?

इथे जरा रेंगाळतो, कारण नवीन माणसं हा प्रश्न वगळतात आणि थेट कोडकडे जातात.

आपल्याच देशातले दोन मोठे बदल बघा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. तोवर रुपयाचे १६ आणे, म्हणजे ६४ पैसे होते. त्या दिवसापासून १०० नवे पैसे झाले. जुनी नाणी त्याच दिवशी बाद केली नाहीत, दोन्ही काही वर्षं एकाच बाजारात चालली, आणि पैशामागचा 'नवा' १९६४ मध्ये गळला. हे जमलं कशामुळे? रुपया तोच राहिला म्हणून. आठ आणे म्हणजे ५० नवे पैसे आणि चार आणे म्हणजे २५, हे बरोबर जुळत होतं. एक आणा मात्र सव्वासहा नव्या पैशांचा होता, त्यामुळे अडचण सुट्ट्या आण्यांपुरतीच राहिली.

आता जीएसटी घ्या. १ जुलै २०१७ ला तो एकाच मध्यरात्री लागू झाला. टप्प्याटप्प्याने आणता आला नसता का? या वर्षी एका राज्यात व्हॅट आणि शेजारच्या राज्यात जीएसटी असं ठेवलं असतं तर खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट राज्याच्या सीमेवरच तुटलं असतं. साखळी आहे, तिची अर्धी कडी बदलता येत नाही. पण त्याच जीएसटीतलं ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) मात्र टप्प्याने आलं: १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना, १ जानेवारी २०२१ ला १०० कोटींवर, पुढे ५०, २०, १० करत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर. मोठ्या कंपनीचं ई-इनव्हॉइस आणि छोट्या दुकानाचं साधं बिल एकाच बाजारात चालू शकतं, एकाने दुसऱ्याचं अडत नाही.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच शोधायचं: दोघांनाही सारखाच कळेल असा 'रुपया' कोणता? दूध संस्थेत सभासदाचा कोड नंबर, तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट आणि एसएनएफ. एवढं जुन्या आणि नव्या प्रोग्रामला सारखं समजत असेल तर संकलन जुन्यात आणि बिल नव्यात, असं काही महिने बिनधास्त चालेल. पण समजा जुना प्रोग्राम प्रत्येक बिलानंतर सभासदांचे नंबर नव्याने लावत असेल (असे प्रोग्राम असतात), तर आधी तेवढं एक ठीक करावं लागेल. त्याशिवाय सोबत नांदणं शक्यच नाही.

सोबत नांदण्याची सोय नसेल तर चांगला बदलही रखडतो, याचं पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेएवढं बोलकं उदाहरण दुसरं नाही. पायथॉन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं आणि पायथॉन २ साठी लिहिलेला कोड त्यात जसाच्या तसा चालत नव्हता. कल्पना अशी होती की कन्व्हर्टर फिरवून सगळा कोड एकदा ३ मध्ये न्यायचा. मोठ्या प्रकल्पांना ते झेपेना. पुढे २०१२ मध्ये ३.३ आवृत्तीत युनिकोड (जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीची एकच अक्षर-क्रमांक पद्धत) स्ट्रिंगच्या, म्हणजे मजकुराच्या, आधी 'यू' लिहिण्याची जुनी पद्धत मुद्दाम परत आणली, जेणेकरून एकच कोड दोन्हींवर चालावा. अनेकांनी याच वाटेने स्थलांतर केलं. तरी पायथॉन २ बंद व्हायला १ जानेवारी २०२० उजाडला.

पायरी ३: परतीची वाट मोजा

प्रत्येक बदलासाठी लिहून ठेवा: सकाळी सातला कळलं की चुकतंय, तर आठपर्यंत पूर्वीसारखं करता येईल का? दुपारपर्यंत? दोन दिवसांनी?

प्रोग्राम परत ठेवणं काही मिनिटांचं काम असतं. खरा प्रश्न मधल्या वेळेतल्या नोंदींचा. नव्या प्रोग्राममध्ये दोन वेळचं संकलन झालं आणि मग परत जुन्यावर यायचं ठरलं, तर त्या दोन वेळच्या नोंदी जुन्यात कशा जाणार? याचं उत्तर "कुणीतरी हाताने टाकेल" असं असेल तर तुमच्याकडे परतीची वाट नाही.

ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ च्या एका वीकेंडला आपले ग्राहक जुन्या, दुसऱ्या बँकेकडून भाड्याने घेतलेल्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर नेले. ग्राहक सुमारे ५२ लाख. डेटा गेला नीट, पण त्या डेटावर चालणारी नवी प्रणाली भार पेलू शकली नाही. सुमारे १९ लाख लोकांना आपलं खातं ऑनलाइन उघडता येईना. सगळं सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला, आणि २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख पौंडांहून जास्त दंड ठोठावला. बहुतेक सगळं एकाच घटनेत हलवण्याचा निर्णय, हा नंतरच्या स्वतंत्र चौकशीतला एक मुख्य आक्षेप होता. खातं एका ठिकाणाहून दुसरीकडे गेलं की मागे फिरणं जवळजवळ अशक्य. अशा वेळी आधी थोडेच ग्राहक नेले असते तर भार न पेलण्याची खूण लहान आकारात दिसली असती.

परतीची वाट जितकी महाग, तितका पहिला टप्पा लहान. मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला हे सांगतो आणि पुढेही सांगणार.

पायरी ४: दुसरं कारण नसेल तर टप्प्याटप्प्यानेच, आणि ते असं

याला इंग्रजीत 'स्ट्रँगलर फिग' पद्धत म्हणतात. दुसऱ्या झाडाच्या फांदीवर रुजून, मुळं खाली सोडत, त्याच्याभोवती वाढत जाणाऱ्या वडासारखी. नवं जुन्याभोवती वाढतं, आणि जुन्यावर भार उरला नाही की ते काढायचं.

सुरुवात अशा तुकड्यापासून करा जो फक्त वाचतो, लिहीत नाही. दूध संस्थेत तो म्हणजे अहवाल. जुन्या प्रोग्रामचा डेटा वाचून सचिवांना मोबाईलवर आजचं संकलन दाखवणारं पान. हे चुकलं तर कुणाचे पैसे चुकत नाहीत, आणि बरोबर आलं तर संस्थेचा तुमच्यावर विश्वास बसतो. हा विश्वास पुढे लागणार आहे.

मग बिल. इथे नव्या प्रोग्रामला लगेच बिल काढू देऊ नका. जुना प्रोग्राम नेहमीसारखं बिल काढेल, नवा त्याच नोंदींवरून गुपचूप आपलं बिल काढेल आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवेल. फरक आलेल्या ओळी तेवढ्या बघायच्या. जुनी बिलं हाताशी असतील तर मागच्या वर्षभराची बिलंही याच चाळणीतून काढा.

या चाळणीत काय अडकतं त्याचा एक नमुना देतो. ७.५ लिटर म्हैस दूध, दर ५१ रुपये. रक्कम ३८२.५०. जुना प्रोग्राम ती पूर्ण रुपयात ३८३ करतो. नवा पायथॉनमध्ये आहे आणि त्यात सरळ 'राउंड' वापरलंय, तर उत्तर येतं ३८२. कारण पायथॉन बरोबर अर्ध्यावर असलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं. दर ४९ असता तर रक्कम ३६७.५० झाली असती आणि दोघांनीही ३६८ सांगितलं असतं. म्हणजे चूक कधी दिसते, कधी दिसत नाही. दोन-चार बिलं डोळ्यांनी तपासणाऱ्याला ती सापडणार नाही. सी शार्पमधलं नेहमीचं राउंडिंगही असंच सम संख्येकडे जातं. एक रुपया कमी आला म्हणून तुम्हाला काही वाटणार नाही, पण दूध घालणाऱ्या बाईला आपलं बिल तोंडपाठ असतं. तिला एक रुपया कमी दिसला की तिचा विश्वास नव्या सॉफ्टवेअरवरून तर उडतोच, सचिवांवरूनही उडतो.

फरक सापडला की नवं बरोबर की जुनं, हे तुम्ही ठरवायचं नाही. संस्थेला दाखवा. जुन्यात चूक असेल तरी आधी नव्याला जुन्यासारखंच वागायला लावा, स्थलांतर उरका, आणि मग ती चूक वेगळा बदल म्हणून दुरुस्त करा. दोन्ही एकदम केलंत तर पुढे कुठलाही फरक आला की तो स्थलांतराचा की दुरुस्तीचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

सलग काही बिलं जुळली की एका संस्थेचं बिल नव्यातून काढा. एकच संस्था, शक्यतो अशी जिथे सचिव तुमचा फोन उचलतात आणि कोल्हापुरातून गाडीने अर्ध्या तासात पोचता येतं. मग तीन-चार, मग उरलेल्या. कोणती संस्था कोणत्या प्रोग्रामवर आहे, हे एका तक्त्यात ठेवा आणि प्रोग्रामला तिथूनच वाचू द्या.

एक गोष्ट काटेकोर पाळा: काउंटरवरच्या माणसाला एकच नोंद दोन ठिकाणी करायला लावू नका. आठवडाभर करेल, नंतर घाईत एकीकडे करेल, आणि तुमची तुलनाच खोटी ठरेल. नोंद एकदाच, दोन्हीकडे पोचवणं हे यंत्राचं काम.

पायरी ५: डेटा बदलताना, नावांचं उदाहरण

मराठी सॉफ्टवेअरमध्ये हे काम कधी ना कधी येतंच. जुन्या प्रोग्राममध्ये सभासदांची नावं युनिकोडमध्ये नसतात. ती जुन्या मराठी फॉन्टच्या हिशेबाने साठवलेली असतात. फॉन्ट लावला की 'शिर्के' दिसतं, काढला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिड गोळा. शिवाय क्रम वेगळा. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने बसतात, म्हणजे पहिली वेलांटी 'श'च्या आधी आणि रफार 'क'च्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम: आधी 'श', मग वेलांटी, मग अर्धा 'र', मग 'क'. म्हणून नुसती अक्षराला अक्षर लावून भागत नाही, जागाही हलवाव्या लागतात. आणि टाइप करणाऱ्यानं मधे कुठे स्पेस मारली असेल, किंवा नुसतं दिसायला बरोबर म्हणून भलतीच की दाबली असेल, तर कन्व्हर्टर हमखास चुकतो.

सगळ्या नावांवर एका रात्रीत कन्व्हर्टर फिरवण्याचा मोह टाळा. असं करा.

जुना रकाना आहे तसा ठेवून शेजारी नवा रकाना उघडा. याने काहीच बिघडत नाही, जुन्या प्रोग्रामला तो दिसतही नाही. फक्त आधी एक बघा: जुना प्रोग्राम रकाने नावाने वाचतो की क्रमाने. क्रमाने वाचत असेल तर नवा रकाना शेवटी, किंवा सरळ वेगळ्या टेबलमध्ये.

मग रोज रात्री थोडी थोडी नावं बदलून नव्या रकान्यात भरा. ज्या नावांबद्दल कन्व्हर्टरला शंका आहे ती बाजूला काढा. शंका ओळखायला एक सोपी युक्ती: युनिकोडमधलं नाव उलट कन्व्हर्ट करून जुन्याशी ताडून बघा. जुळलं नाही तर ते नाव यादीत. ही यादी छापून संस्थेच्या क्लार्कला द्या, तो सभासद नोंदवहीवरून दुरुस्त करून देईल.

या काळात नाव दुरुस्त करण्याचा अधिकार एकाच प्रोग्रामकडे ठेवा. पहिल्या पायरीवरचा "कोण लिहितं" हा रकाना इथे कामी येतो. दोघंही लिहायला लागले की कुणाचं खरं धरायचं हा वाद कधी मिटत नाही.

नंतर एकेक पावती, एकेक अहवाल नव्या रकान्यावर आणा. याद्यांचा क्रम बदलेल, कारण जुन्या फॉन्टमधली अकारविल्हे यादी खरी अकारविल्हे नव्हतीच. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर "आमची नावं हरवली" म्हणून फोन येतील. सगळं नव्यावर आलं की जुन्या रकान्याचं नाव बदलून ठेवा आणि काही आठवडे कुठून ओरड येते का बघा. मग काढा.

हे सगळं केल्यावर एकदाही काउंटर बंद ठेवावं लागत नाही. वेळ जास्त लागतो, हे मान्य. पण तो वेळ तुमचा जातो, गावाचा नाही.

पायरी ६: अर्धवट सोडू नका

टप्प्याटप्प्याच्या कामाचा खरा धोका इथे आहे. नव्वद टक्के झालं की साहेबांचं लक्ष दुसऱ्या कामाकडे जातं, आणि दोन प्रणाली वर्षानुवर्षं सोबत चालत राहतात. प्रत्येक दुरुस्ती दोनदा करायची आणि नव्या माणसाला दोन्ही शिकवायच्या.

अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीला अर्धवटपणा किती महागात पडला ते बघा. १ ऑगस्ट २०१२ ला नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर चढला होता, आठव्यावर राहून गेला. नव्या कोडने एक जुनाच फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण) नव्या अर्थाने वापरला होता. आठव्या सर्व्हरवर त्या फ्लॅगचा अर्थ अजून जुना होता, आणि वर्षानुवर्षं न वापरलेला, पण काढूनही न टाकलेला कोड त्याने जागा केला. सुमारे ४५ मिनिटांत नको असलेले लाखो व्यवहार झाले आणि ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं.

यातून तुमच्यासाठी तीन सवयी. फ्लॅगचं नाव पुन्हा वापरू नका. फ्लॅग ज्या दिवशी घालाल त्याच दिवशी तो काढण्याचं काम यादीत टाका. आणि डिप्लॉय झाल्यावर, म्हणजे नवा कोड मशीनवर चढवल्यावर, सगळ्या मशीनवर तीच आवृत्ती आहे का, हे माणसाच्या आठवणीवर न सोडता प्रोग्रामकडून तपासा.

पायरी ७: एकदम बदलणं योग्य असेल तेव्हा

असे प्रसंग आहेत आणि तेव्हा कचरू नका. बदल एवढा लहान आहे की तुकडे करण्यातच जास्त कष्ट. दोन्ही सोबत नांदूच शकत नाहीत. सुरक्षेचं भोक सापडलंय आणि ते आजच बुजवायला हवं. किंवा कायद्याने तारीख ठरवलीय.

तारखेचा एक प्रकार कोल्हापुरातल्या दुकानदारांच्या चांगला लक्षात आहे. २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेचा दिवस, महाद्वार रोडवर अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी, आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर. तुपावरचा १२ टक्क्यांचा कर ५ वर आला. कायद्याने हा बदल एका मध्यरात्रीत झाला, पण सॉफ्टवेअरला तो मध्यरात्री करावा लागला पाहिजे असं नाही. दराच्या तक्त्यात 'लागू तारीख' हा रकाना आधीपासून असेल तर नवा दर चार दिवस आधी भरून ठेवता येतो, चाचणी बिलावर तारीख पुढची टाकून तपासता येतो, आणि त्या रात्री कुणालाही जागावं लागत नाही. जुन्या तारखेचं बिल पुन्हा छापलं तर त्यावर जुनाच दर येतो. ज्यांच्या कोडमध्ये १२ हा आकडा थेट लिहिलेला असतो, त्यांची जुनी बिलं पुन्हा छापताना चुकतात. दूध संस्थेचं दरपत्रकही याच पद्धतीने ठेवा, कारण खरेदी दरही असाच एखाद्या तारखेपासून बदलतो.

म्हणजे बदल एकदम असला तरी तयारी टप्प्याने करता येते. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे सगळ्या देशाची वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूवरून उजवीकडे नेली. याहून एकदम बदल कुठला असेल! पण निर्णय १९६३ चा होता. मधली चार वर्षं रस्ते, बसगाड्या, पाट्या आणि लोकांची तयारी यात गेली.

तुम्हाला एकदम बदल करायचा असेल तर निदान एवढं हवंच. खऱ्या डेटाच्या प्रतीवर संपूर्ण रंगीत तालीम, घड्याळ लावून. बॅकअप घेतलाच, पण तो दुसऱ्या मशीनवर उघडूनही बघितला. परत फिरण्याची वेळ आधीच ठरलेली: "पहाटे तीनपर्यंत बेरजा जुळल्या नाहीत तर जुनं चालू," आणि हे कोण म्हणणार त्या माणसाचं नाव. ही वेळ आदल्या दिवशी शांत डोक्याने ठरवा. रात्री अडीचला थकलेला माणूस नेहमी "अजून अर्धा तास" म्हणतो.

मुहूर्त आपल्या भागाचं कॅलेंडर बघून काढा. दूध संस्थेत बिलाचा दिवस नको आणि दिवाळीच्या आधीचे फरक बिलाचे आठवडे तर नकोच. साखर कारखान्याचं काम असेल तर गळीत हंगामाच्या बाहेर. महाद्वार रोडच्या दुकानांना नवरात्र नको. आणि जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली की नदीकाठच्या गावांचा रस्ता बंद होतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तर शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. जिथे प्रत्यक्ष जाऊन केबल बदलावी लागू शकते, तिथला बदल पावसाळ्यात ठेवू नका.

पायरी ८: "सगळं नव्याने लिहूया" म्हणणाऱ्यांना

जुना कोड वाचताना प्रत्येकाला हे वाटतं. नव्वदच्या दशकात ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीलाही वाटलं. त्यांच्या ब्राउझरची चौथी आवृत्ती १९९७ ची, पाचवी बाहेर पडलीच नाही, आणि सहावी थेट नोव्हेंबर २००० मध्ये आली. मधली तीन वर्षं मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररला मोकळं मैदान मिळालं. जुन्या कोडमधल्या विचित्र दिसणाऱ्या ओळीमागे बहुधा एखादी खरी घटना असते. ०.१ फॅट आल्यावर पावती थांबवणारी ओळ काढण्याआधी ती कुणी आणि का घातली हे संस्थेत विचारा.

तरीही नवीन लिहायचंच असेल, तर एक तुकडा पूर्ण लिहून वापरात आणा आणि मगच दुसरा घ्या. तीन महिन्यांत काहीच वापरात आलं नाही तर थांबून पुन्हा दुसऱ्या पायरीवर या.

रोजच्या कोडमध्येही हेच

गिटवरची (कोडचे बदल नोंदवून ठेवणारं साधन) ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी काढलेली फांदी, महिनाभर वेगळी ठेवली की ती जोडणं हाच एक मोठा बदल होऊन बसतो. रोज किंवा एक दिवसाआड जोडा, काम अपुरं असेल तर फ्लॅगमागे झाका. कोड नीटनेटका करणं आणि त्याचं वागणं बदलणं, हे एकाच कमिटमध्ये (गिटमधल्या एका नोंदीत) घालू नका. तुमचा कोड तपासणाऱ्या ताईला किंवा दादाला यातलं काय मुद्दाम केलंय आणि काय चुकून झालंय हे कळायला हवं.

शेवटची पायरी: जुनं काढणं

सुरुवातीलाच तारीख लिहून ठेवा आणि ती हिशेबाच्या वर्षाशी बांधा. सहकारी संस्थेचं वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यानंतर लेखापरीक्षण होतं, आणि लेखापरीक्षक मागच्या वर्षाचे कागद मागतात. तोपर्यंत जुना प्रोग्राम फक्त वाचण्यापुरता ठेवा, नवी नोंद घेऊ देऊ नका. लेखापरीक्षण उरकलं की जुना सगळा डेटा साध्या सीएसव्ही फाइल्समध्ये (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) काढा, सोबत कोणता रकाना कशाचा हे सांगणारं एक पान मराठीत लिहा, आणि दोन्ही पेन ड्राइव्हवर घालून सचिवांच्या सहीने संस्थेच्या ताब्यात द्या. एक प्रत आपल्या ऑफिसात. मग जुना प्रोग्राम मशीनवरून काढा, त्याचा शॉर्टकटही काढा, आणि पुढच्या सकाळच्या संकलनाला तिथे हजर राहा.